हापशाच्या पाण्यातलं आर्सेनिक : वाचकांचे प्रश्न

गंगाखोऱ्यातल्या गावांत पिण्याच्या पाण्यात आर्सेनिक हे विषारी मूलद्रव्य आढळतं, त्यावरच्या आमच्या मजकुरानंतर पुणे परिसरातून बरेच प्रश्न आले. त्यांतल्या पाच प्रश्नांना इथे उत्तरं देत आहोत.

आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी येतं. आरओ विकायला आलेल्या माणसाने पेल्यात दोन सळ्या बुडवून वीज सोडली, तर पाणी क्षणात तपकिरी-हिरवं झालं. "हे आर्सेनिक" असं तो म्हणाला. त्याच्या मशीनच्या पाण्यात मात्र काहीच दिसलं नाही. आम्ही घाबरावं का? — एक वाचक, हडपसर

पेल्यात दिसलं ते आर्सेनिक नव्हे, सळईचं लोखंड होतं. त्या उपकरणात एक सळई लोखंडाची आणि दुसरी ॲल्युमिनियमची असते. बोअरच्या पाण्यात क्षार असल्यामुळे वीज वाहते, लोखंड विरघळतं आणि त्याचा साका तयार होतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे ते नितळ राहतं. त्याच पाण्यात चिमूटभर मीठ टाकून प्रयोग परत करायला सांगा, तेही तपकिरी होईल.

टीडीएस मीटरवरूनही (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणारं यंत्र) काही कळत नाही. भारतीय मानकाप्रमाणे (आयएस 10500) आर्सेनिकची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम, म्हणजे 10 मायक्रोग्रॅम आहे. मिलिग्रॅमच्या शेकड्यांत मोजणाऱ्या मीटरला एवढीशी मात्रा दिसणं शक्य नाही. रंग, वास, चव यांचाही उपयोग नाही.

पुणे जिल्हा बहुतांशी बसाल्टच्या काळ्या कातळावर आहे. गंगेच्या गाळात आर्सेनिक ज्या रीतीने सुटतं, ती परिस्थिती इथे नाही. इथल्या बोअरचा जडपणा आणि नायट्रेट आधी तपासा. फ्लोराइडची काळजी यवतमाळ, चंद्रपूरकडे जास्त. बोअर औद्योगिक वसाहतीजवळ असेल तर जड धातू एकदा तपासून घ्या. मात्र खडकाळ भागात आर्सेनिक नसतंच असंही समजू नका. छत्तीसगडमधल्या अंबागढ चौकी भागातल्या कौडीकसा गावात ते सापडलं आहे, आणि तिथे ते गाळातून नव्हे, खडकातून आलेलं आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्यालय पुण्यातच आहे. तिथे किंवा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत चौकशी करा आणि अर्जावर 'आर्सेनिक' असं स्पष्ट लिहा. नेहमीच्या तपासणीत ते असेलच असं नाही.

आमच्या साइटवर भोजपूरकडचे (बिहार) मजूर आहेत. एकाच्या तळहातांवर, तळपायांवर बारीक कडक गाठी आहेत आणि छातीवर पांढरट ठिपके. बाकीचे त्याच्या ताटाला ताट लावायला तयार नाहीत. हे आर्सेनिक असू शकेल का? इथे काय करता येईल? — साइट सुपरवायझर, वाघोली

असू शकेल, आणि त्याला त्वचारोगतज्ज्ञाकडे न्यायलाच हवं. पण सगळ्यात आधी त्याच्या सोबत्यांना एकत्र बसवून सांगा की हे संसर्गाने होत नाही. कुष्ठरोग समजून अशा माणसांना वेगळं टाकल्याचं, लग्नं मोडल्याचं गावोगाव घडलेलं आहे. ते तुमच्या लेबर कॅम्पमध्ये होऊ देऊ नका.

थापी, फावडं, घमेलं यांनी पडणारे घट्टे जिथे दाब येतो तिथेच येतात: बोटांच्या मुळाशी, टाचेला. आर्सेनिकच्या गाठी दोन्ही हातापायांवर विखुरलेल्या असतात, तळपायाच्या खोलगट भागातही, जिथे दाब येतच नाही. सुरुवातीला त्या नजरेला दिसत नाहीत. तळहातावरून अंगठा हलकेच फिरवला तर कातडीखाली जाड रवा पेरल्यासारखं लागतं. पुढे त्याची कुरुपासारखी टेंगळं होतात. अंगावर, विशेषतः छाती-पाठीवर, काळवंडलेल्या कातडीत पावसाचे थेंब पडल्यासारखे फिकट ठिपके दिसतात. या दोन्ही खुणा सोबत असतील तर संशय बळकट होतो. भारतात हा आजार 1983 मध्ये कोलकात्यात डॉ. के. सी. साहा यांनी ओळखला तो त्वचेवरच्या खुणांवरूनच. भोजपूर जिल्ह्यातल्या सेमरिया ओझापट्टीचं पाणी 2002 मध्ये उजेडात आलं.

डॉक्टरांकडे जाताना त्याला विचारून चार गोष्टी लिहून न्या. घरचा हापसा (तिकडे चापाकल म्हणतात) किती फूट खोल आहे, त्याचं पाणी किती वर्षं प्यायला, घरातल्या आणखी कुणाला असं आहे का, आणि तो पुण्यात कधीपासून आहे. त्वचेवरच्या खुणा उमटायला साधारण पाच ते दहा वर्षं लागतात, म्हणून मागचा हिशेब महत्त्वाचा.

तपासणीत एक फसगत नेहमी होते. शरीरात गेलेलं आर्सेनिक बरंचसं काही दिवसांत लघवीवाटे निघून जातं. पुण्यात महिनाभर महापालिकेचं पाणी प्यायलेल्या माणसाची लघवी तपासली की रिपोर्ट नॉर्मल येतो आणि "आर्सेनिक नाही" म्हणून त्याला परत पाठवतात. लघवी फक्त गेल्या काही दिवसांचं सांगते. नखं आणि केस गेल्या काही महिन्यांचं सांगतात, पण बाहेरून लागलेल्या पाण्या-धुळीनेही आकडा वाढतो. सगळ्यात खात्रीचा पुरावा गावच्या हापशाचं पाणी. पुढच्या सुट्टीत ते मागवा, कसं आणायचं ते शेवटच्या उत्तरात दिलं आहे. लघवीची तपासणी करायचीच असेल तर आधी तीन-चार दिवस मासे, कोळंबी बंद ठेवा. त्यातलं निरुपद्रवी आर्सेनिक एकूण आकडा फुगवतं.

आर्सेनिक शरीरातून काढून टाकणाऱ्या औषधांचा खर्च त्याच्यावर घालू नका. डीएमएसए हे औषध पश्चिम बंगालमध्ये रुग्णांवर तपासलं गेलं, तेव्हा ते दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. खरा उपचार म्हणजे ते पाणी सुटणं. गाठींसाठी डॉक्टर सॅलिसिलिक ॲसिडचं 5 ते 10 टक्क्यांचं किंवा युरियाचं 10 ते 20 टक्क्यांचं मलम देतात. रात्री पाय कोमट पाण्यात बुडवून, पुसून, गाठींवरच लावायचं. ब्लेडने तासायचं नाही, चिरा पडून जंतू शिरतात. एखादी गाठ वाढू लागली, चिघळली किंवा तिच्यातून रक्त आलं तर मलम थांबवून बायोप्सी करायची, कारण त्वचेचा कर्करोग तिथूनच सुरू होतो.

त्वचेच्या पलीकडेही पाहायला सांगा: रक्तदाब, साखर, लिव्हरची तपासणी, हातापायांना मुंग्या, जुना खोकला. लघवीतून रक्त गेलं तर दुखत नसलं तरी त्याच आठवड्यात दाखवायचं. मूत्राशय आणि फुप्फुसाचा कर्करोग पाणी सुटल्यावर कितीतरी वर्षांनी उद्भवू शकतो. चिलीमधल्या अँटोफागास्ता शहराने 1958 ते 1970 या काळात आर्सेनिकचं पाणी प्यायलं. 1970 मध्ये शुद्धीकरण केंद्र सुरू झालं, तरी पुढची काही दशकं तिथे हे कर्करोग जास्त आढळत राहिले. म्हणून तो बिडी ओढत असेल तर ती सुटणं फार गरजेचं आहे. धूम्रपान आणि आर्सेनिक एकत्र आले की फुप्फुसाचा धोका दोन्हींच्या बेरजेपेक्षा जास्त होतो. जेवणात डाळ, उसळ, अंडी, पालेभाज्या वाढवा. आर्सेनिकचं रूप बदलून ते बाहेर टाकायला शरीराला प्रथिनं आणि फोलेट लागतात.

छठपूजेच्या सणाला तो गावी जाईल आणि पुन्हा तेच पाणी पिईल. घरची माणसं तर रोजच पितात. त्याला एकट्याला औषध देऊन हे प्रकरण मिटत नाही.

पाणी उकळून, तुरटी फिरवून किंवा तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवून आर्सेनिक जातं का? — एक वाचक, सासवड

नाही. उकळल्याने वाफ जाते आणि आर्सेनिक खाली राहतं, म्हणजे उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतंच. तांब्याचा काही परिणाम नाही. कँडल फिल्टर आणि यूव्ही यांचाही नाही. तुरटीने काही भाग खाली बसतो, पण त्यासाठी आधी क्लोरीन, मग मोजलेली मात्रा आणि नंतर गाळणं लागतं. हंड्यात तुरटी दोनदा फिरवून ते होत नाही.

माझी मुलगी नोकरीसाठी बलियाला (उत्तर प्रदेश) आहे. तिला पाचवा महिना आहे. घरमालकाच्या अंगणात हापसा आहे आणि सगळे तेच पितात. तिने नेमकं काय करावं? — एक आई, कोथरूड

ताई, पाण्याचा रिपोर्ट येईपर्यंत थांबू नका. आजपासून तिचं पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी बदला. आर्सेनिक वारेतून बाळापर्यंत पोहोचतं. गरोदरपणात असं पाणी पिण्याचा संबंध कमी वजनाच्या आणि मृत बाळांच्या जन्माशी आढळला आहे.

फक्त पिण्याचं पाणी बदलून भागत नाही, तिथे चूक होते. भात, डाळ, चहा, कणीक या सगळ्यांत पाणी शिरतं. दोन माणसांना पिणं आणि स्वयंपाक मिळून रोज 12 ते 15 लिटर धरा. अंघोळ, कपडे, भांडी यांना हापशाचं पाणी चालेल. आर्सेनिक कातडीतून फारसं शिरत नाही. भांडी मात्र निथळून कोरडी करायची.

पाणी कुठून आणायचं? नळयोजनेचं तपासलेलं पाणी असेल तर सगळ्यात बरं. जवळ उघडी आड-विहीर असेल तर तिच्यात आर्सेनिक बहुधा कमी असतं, कारण हवा लागल्याने ते लोहाबरोबर खाली बसतं. पण विहिरीत जंतू असतात. 1000 लिटरला सुमारे अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर आणि तासभर थांबणं हा तिथला नियम. जुनी, ओलसर पावडर निकामी असते. विहिरीचं पाणीही एकदा तपासून घ्यायचंच.

आरओ घ्यायचं असेल तर हे लक्षात असू द्या. आर्सेनिक पाण्यात दोन रूपांत असतं, त्रिसंयुजी आणि पंचसंयुजी. हापशाच्या पाण्यात ते बरंचसं त्रिसंयुजी रूपात असतं, त्यावर विद्युतभार नसतो आणि ते मशीनमधल्या गाळणाऱ्या पडद्यातून सहज निसटतं. आधी क्लोरीनने त्याचं पंचसंयुजी रूप केलं की आरओ ते नीट अडवतं. मात्र क्लोरीन पडद्याला खातं, म्हणून मध्ये कार्बनचा फिल्टर लागतो. मशीन बसवल्यावर बाहेर आलेल्या पाण्याचीच आर्सेनिक तपासणी करायची आणि दर सहा महिन्यांनी परत. विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका.

भात आपल्या जुन्या पद्धतीने वेळून करायला सांगा: तांदळाच्या सहापट स्वच्छ पाणी, शिजल्यावर पेज ओतून टाकायची. तांदळातलंही आर्सेनिक त्याने कमी होतं. पण तोच भात हापशाच्या पाण्यात शिजवला तर वाढतं.

बाळ झाल्यावर अंगावरचं दूध निर्धास्त द्यावं. आईच्या दुधात आर्सेनिक फार कमी उतरतं. धोका आहे तो हापशाच्या पाण्यात कालवलेल्या पावडरच्या दुधात.

आमचा गट मुर्शिदाबादला (पश्चिम बंगाल) किट घेऊन हापसे तपासायला जाणार आहे. कुठे चुकतं? — महाविद्यालयीन स्वयंसेवक, शिवाजीनगर

पहिली चूक म्हणजे गावातला एक हापसा तपासून गावाला शिक्का मारणं. नदीच्या तरुण गाळात आर्सेनिक लोहाच्या कणांना चिकटलेलं असतं. कुजलेल्या जैविक पदार्थांमुळे प्राणवायू संपला की लोह विरघळतं आणि आर्सेनिक सुटतं. हे थरागणिक बदलतं. वीस पावलांवरचे दोन हापसे, एक सुरक्षित आणि एक विषारी, असं सर्रास आढळतं. प्रत्येक हापसा तपासा, खोली विचारा, जागा नोंदवा.

आधी पाच ते दहा मिनिटं हापसून साठलेलं पाणी काढून टाका. बाटलीत किटवर दिल्याएवढंच पाणी घ्या, आम्लाची पुडी टाका, मग जस्ताची, आणि लगेच झाकण लावा. आर्सेनिकचा आर्सिन वायू होऊन झाकणातल्या मर्क्युरिक ब्रोमाइडच्या कागदाला पिवळा ते तपकिरी रंग चढतो. हा वायू विषारी आहे, म्हणून काम उघड्यावर करा, बाटली हुंगू नका. कागदाला बोट लावू नका, त्यात पारा आहे. पाण्याला सडक्या अंड्याचा वास असेल तर हायड्रोजन सल्फाइडनेही कागद काळवंडतो, त्यासाठीची शिशाच्या क्षाराची पट्टी किंवा कापूस वगळू नका. वेळ घड्याळावर मोजा आणि रंग सावलीत जुळवा. उन्हात फिका वाटतो.

10 ते 50 मायक्रोग्रॅमच्या टप्प्यात किट सगळ्यात जास्त चुकतं. म्हणून दहातला एक नमुना आणि या टप्प्यातले सगळे नमुने प्रयोगशाळेला पाठवा. स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा. प्रयोगशाळेने आत ॲसिड घालून दिली असेल तर मुळीच विसळू नका. बाटलीत आधीच ॲसिड नसेल तर नायट्रिक ॲसिडचे थेंब टाकून पाण्याचा पीएच (आम्लतेचं माप) 2 च्या खाली न्यावा लागतो. नाहीतर हवा लागून लोह तांबूस होऊन तळाला बसतं, आर्सेनिकला सोबत नेतं, आणि विषारी पाण्याचा रिपोर्ट सुरक्षित येतो.

विषारी हापशाला लाल आणि सुरक्षित हापशाला हिरवा रंग द्या, पण लाल झालेल्याचा दांडा काढू नका. धुण्या-भांड्याला तो लागतो. लाल रंग लावायच्या आधी जवळचा हिरवा हापसा कोणता, तो कुणाच्या अंगणात आहे आणि शेजारच्या बायकांना तिथून कळशी भरू दिली जाईल का, हे त्या घरात बसून ठरवून घ्या.