डीव्हीआरचा भाव उतरवावा का?

प्रश्न: भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. आयात केलेल्या बोर्डावर सीसीटीव्हीचे आठ चॅनलचे डीव्हीआर (आठ कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारे रेकॉर्डर) जुळवतो, सॉफ्टवेअर आमचंच. गिऱ्हाईक मुख्यतः सोसायट्या. आता पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मोठ्या ब्रँडचा डबा आमच्या उत्पादनखर्चातच मिळतो. भाव उतरवावा का?

उत्तर: नको. तसाच बोर्ड तुमच्या स्पर्धकालाही मिळतो, आणि तो लॉटने उचलतो. उतरवायला तुमच्याकडे नफ्याशिवाय काही नाही.

अमेरिकेतल्या टिवोचं उदाहरण बघा. 1999 मध्ये त्यांचा टीव्ही रेकॉर्डर आला, वापरायला उत्तम, वर महिन्याची वर्गणी. मग केबल आणि सॅटेलाइट कंपन्यांनी सेट-टॉप बॉक्समध्येच रेकॉर्डर घालून तो भाड्याने द्यायला सुरुवात केली. घरात दुसरा डबा कोण घेणार? पेटंटच्या दाव्यात टिवोला 2011 मध्ये डिश आणि एकोस्टारकडून 50 कोटी डॉलरची तडजोड मिळाली, पण गिऱ्हाईक केबलवाल्याकडेच राहिलं. तुमच्याकडे तर पेटंटही नसावं.

मग विकायचं काय? तीस दिवसांच्या रेकॉर्डिंगची लेखी हमी. पार्किंगमधल्या गाडीला ओरखडा पडतो, तक्रार पंचवीस दिवसांनी येते आणि फुटेज पुसलेलं असतं. कमिटी भडकते ती तिथे. हिशेब करा: एच.265 (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) मध्ये 2 एमबीपीएसने एक कॅमेरा दिवसाला 21.6 जीबी खातो, आठ कॅमेरे सुमारे 173. तीस दिवसांना 5.2 टीबी, म्हणजे 6 टीबीची हार्ड डिस्क. गल्लीतला माणूस 2 टीबी टाकून मोकळा होतो, अकरा-बारा दिवसांत जुनं पुसायला लागतं. बिटरेट (दर सेकंदाचा डेटा) व्हेरिएबल, म्हणजे चित्रानुसार बदलता, ठेवलात तर हिशेब रात्रीचा धरा. अंधारात चित्रात दाणे येतात आणि बिटरेट चढतो. डिस्क सर्व्हेलन्स ग्रेडचीच. साधी डेस्कटॉप डिस्क चोवीस तास लिहिण्यासाठी नसते.

दुसरी गफलत घड्याळाची. गुरुवारी महावितरणची दुरुस्ती, लाइट जाते. घड्याळ चालू ठेवणारा सीआर2032 सेल संपला असेल तर डीव्हीआर उठतो तो 2000 सालात, आणि तारखेने शोधलं की काही सापडत नाही. एनटीपी (नेटवरून वेळ आपोआप जुळवणं) चालू ठेवा, सेल दर दोन वर्षांनी बदला, छोटा यूपीएस कोटेशनमध्येच धरा.

सॉफ्टवेअर तुमचं आहे, हा खरा हुकमाचा पत्ता. डिस्क बंद पडली किंवा कॅमेरा गेला की मेसेज सेक्रेटरीच्या आधी तुम्हाला यावा. फुटेज काढताना एसएचए-256 हॅशही (फाइलचा डिजिटल ठसा, फेरफार झाला तर तो जुळत नाही) आपोआप निघावा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 च्या, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात तो लागतो. पोलिसांना फुटेज द्यायची वेळ आली की कमिटीला याचं मोल कळतं.

हे सगळं एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) बांधा आणि कामाचा परिसर आवळा: मोशी, चिखली, वाकड, पिंपळे सौदागर. डिस्कसह तयार स्पेअर डीव्हीआर हाताशी असला तर त्याच दिवशी बदली करता येते. सोलापूरची ऑर्डर मोह पाडेल, घेऊ नका.

प्रश्न: सगळं रेकॉर्डिंग क्लाउडवर टाकलं तर?

उत्तर: आठ कॅमेऱ्यांना 16 एमबीपीएस अपलोड अखंड लागेल, वर तीस दिवसांच्या साठवणीचं बिल. गेट आणि लिफ्ट लॉबीच्या हालचालीच्या क्लिप तेवढ्या पाठवा, बाकी डिस्कवर.