फोर्कचे 8 हजार आधी कुठे घालावेत

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. धुळ्यात तीन वर्षांपूर्वी 12 हजारांना घेतलेली 21 गिअरची, 27.5 इंची चाकांची एमटीबी, म्हणजे डोंगरी रस्त्यांची सायकल. दर रविवारी लळिंगचा घाट, कधी त्यापुढे. चढाला जोर दिला की चेन सटकते, पंधरा दिवसांत तीन पंक्चर झाले, मागचा ब्रेक ओरडतो. हातात 8 हजार आहेत, तर एअर फोर्क (पुढचं चाक धरणारा, हवेच्या दाबावर धक्के झेलणारा चिमटा) घ्यावा की हायड्रॉलिक (तेलाच्या दाबाचे) ब्रेक, असं तुम्ही विचारलंय.

माझं स्पष्ट मत, आत्ता दोन्ही घेऊ नका. तुमच्या तीन तक्रारींपैकी एकही फोर्कमुळे नाही. शिवाय तुमच्या फ्रेमची हेडट्यूब (हँडलखालची, फोर्कची दांडी जाते ती नळी) सरळ असणार, म्हणजे फोर्कची दांडी वरपासून खालपर्यंत सारखीच, 28.6 मिमीची लागेल. सेकंडहँड बाजारात चांगले फोर्क बहुतेक टेपर्ड, म्हणजे खाली जाड होत जाणाऱ्या दांडीचे आणि थ्रू-एक्सलचे, म्हणजे जाड आरपार एक्सलचे मिळतात. ते तुमच्या फ्रेमला बसत नाहीत आणि तुमचं पुढचं चाक त्यांना बसत नाही. जो बसेल त्यात पैसे जाऊन चालवण्यात फरक थोडाच पडेल. आहे तो फोर्क प्रत्येक राइडनंतर कोरड्या कापडाने पुसा, नळ्यांवरची धूळ सीलच्या कडेला साचू देऊ नका, एवढं पुरे.

आता चेन. घरात स्टीलची फूटपट्टी असेल तर आजच मोजा, इंचाची बाजू घ्या. चेन ताणून धरा, शून्याची रेघ एका पिनच्या बरोबर मध्यावर ठेवा आणि 12 इंचांच्या रेघेवर काय येतं ते बघा. नव्या चेनची तिथली पिन अगदी रेघेवर बसते. पिन रेघेच्या पुढे 1/16 इंच गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. 1/8 इंच गेली असेल तर त्या चेनने फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांच्या संचाचे दातेही खाल्लेत, मग नुसती नवी चेन घालून सटकणं थांबणार नाही, उलट वाढेल. तीन वर्षं एकच चेन असेल तर तुमचं बहुधा हेच झालंय. दोन्ही एकत्र बदला. चेन, फ्रीव्हील आणि दोन्ही गिअर केबल मिळून साधारण दोन हजारांच्या आत काम होतं. लळिंगच्या चढासाठी 28 ऐवजी 34 दात्यांचं फ्रीव्हील मिळालं तर पायाला मोठा आराम पडतो, पण तुमच्या मागच्या डिरेलरला (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाला) ते झेपतं का हे दुकानातच लावून बघा.

फ्रीव्हील पायडल मारून मारून स्वतःच घट्ट आवळत जातं, म्हणून ते पान्याने सुटत नाही. फ्रीव्हीलच्या खाचांत बसणारा पुलर व्हाइसमध्ये पकडायचा, चाक त्याच्यावर आडवं बसवायचं आणि दोन्ही हातांनी रिम धरून डावीकडे, ट्रकचं स्टिअरिंग फिरवतात तशी फिरवायची. सुटताना एक मोठा कट्ट आवाज येतो, दचकू नका. ज्यांच्याकडे व्हाइस आहे अशा कुठल्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात पाच मिनिटांचं काम आहे.

चेनचा दोष धरण्याआधी मागून एकदा डिरेलर बघा. त्याची दोन छोटी चाकं वरच्या दातेरी चक्राच्या सरळ रेषेत खाली लोंबली पाहिजेत. आत वाकलेली दिसली तर हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारी पट्टी वाकलीय. सायकल उजव्या बाजूवर पडली की हमखास हे होतं. हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, म्हणून तुमच्या गाडीचा एक जादा मागवून पिशवीत ठेवाच. हे मी अनुभवाने सांगतोय. यावलच्या बाजूला पहिल्या पावसानंतर काळ्या रानातून निघालो होतो. माती टायरला, मग चिमट्याला, मग डिरेलरला थापत गेली. चाक जड झालं तरी मी पायडल रेटत राहिलो. हँगर वळला, डिरेलर तारांमध्ये शिरला, चार तारा तुटल्या. सहा किलोमीटर सायकल खांद्यावर घेऊन डांबरी गाठली. आपली काळी माती ओली असताना उतरून चालायचं, पायडलला अजिबात जोर द्यायचा नाही. घरी आल्यावर चिखल वाळू द्या, मग ब्रशने झाडा. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरखाली सायकल धरू नका, ते पाणी सरळ हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या छर्ऱ्यांत जातं.

चेनच्या तेलाबद्दल आपल्याकडे फार चुकीचे सल्ले मिळतात. गाडीचं जळकं काळं ऑइल, ग्रीस, हे सगळं आपल्या धुळीत पॉलिश पेपरसारखं काम करतं. कोरड्या दिवसांत मी मेणावर आहे. नवी चेन पेट्रोलमध्ये तीन-चारदा धुवायची, शेवटचं पेट्रोल स्वच्छ राहीपर्यंत. हे उघड्यावर करा, जवळपास विस्तव नको, आणि चेन पूर्ण वाळल्याशिवाय गॅसजवळ आणू नका. मग साध्या पांढऱ्या मेणबत्त्या जुन्या डब्यात घालून तो डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायचा. मेण कधीही थेट आचेवर नको. वितळलेल्या मेणात चेन सोडली की बारीक बुडबुडे येतात. ते थांबले की समजायचं, मेण पिनांपर्यंत पोचलं. तारेने उचलून टांगा, गार झाली की प्रत्येक कडी हाताने मोकळी करा. या चेनला हात लावला तर हात काळा होत नाही. पावसाळ्यात मात्र मेण टिकत नाही, गंज धरतो. तेव्हा चेनचं तेल वापरा, प्रत्येक रोलरवर एक थेंब, आणि दहा मिनिटांनी बाहेरचं सगळं पुसून टाका.

पंक्चर हा आपल्या भागातला सगळ्यात मोठा खर्च. वेड्या बाभळीचा काटा, बांधावरचे सराटे, कापूस निघाल्यावरच्या पऱ्हाट्यांचे खुंट, यातून कोणाचीच सुटका नाही. पंधरा दिवसांत तीन पंक्चर म्हणजे पहिलाच काटा अजून टायरमध्ये आहे असं मला वाटतं. ट्यूब बदलताना टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. जिथे टोक असेल तिथे कापूस अडकतो. बोटाला न लागणारं अर्ध्या मिलिमीटरचं टोकसुद्धा असंच सापडतं, ते चिमट्याने बाहेर ओढा.

टायर गुळगुळीत झाले असतील तर 8 हजारांतला मोठा वाटा इथेच घाला. 2.1 इंची, जाड बाजूचे घ्या, कडेत स्टीलची तार असलेले चालतील. आतून जुन्या ट्यूबची पट्टी घालायची आपली जुनी पद्धत आजही कामाची आहे. ट्यूब उभी चिरायची, व्हॉल्वचा भाग कापून टाकायचा, पट्टी आणि नव्या ट्यूबच्या मध्ये टाल्कम पावडर मारायची, नाहीतर पट्टीची कड नव्या ट्यूबला घासून घासून भोक पाडते. वजन वाढतं, पण शेतरस्त्याला मी ते आनंदाने वाहतो. मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व असेल तर आतली पिन काढून ट्यूबमध्ये सीलंटही भरता येतं. मात्र आपल्या एप्रिल-मेच्या 44-45 अंशांत ते लवकर सुकतं, दर दोन महिन्यांनी बघायला हवं.

हवा मातीवर पुढे 30 आणि मागे 34-35 पीएसआय, हायवेला 45. हे माझ्या 70 किलोला जमतं, तुम्ही दोन-दोनने कमी-जास्त करून बघा आणि टायरच्या कडेवर छापलेली मर्यादा ओलांडू नका. पॅच लावताना सोल्युशन बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा. ओल्या सोल्युशनवर लावलेला पॅच उन्हात सुटतो.

मागचा ब्रेक ओरडतोय तो तेलाने. चेनवर स्प्रे मारताना तो डिस्कवर उडाला असेल. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पॅड काढून बारीक पॉलिश पेपरवर घासा. तेल खोल मुरलं असेल तर पॅड बदलावेच लागतात. तुमच्या केबलच्या डिस्कब्रेकमध्ये बहुधा एकच, बाहेरचा पॅड सरकतो. आतला पॅड झिजला की आतल्या बाजूच्या स्क्रूने डिस्कजवळ आणावा लागतो, आणि हे कोणी करतच नाही. ब्रेकची केबल बदलताना बाहेरची नळी ब्रेकचीच घ्या. गिअरच्या नळीत तारा उभ्या असतात, जोरात ब्रेक दाबला तर ती फुटू शकते. घाट उतरताना हा धोका पत्करू नका. हे सगळं करूनही समाधान झालं नाही, तर पुढच्या वर्षी मिनरल ऑइलवाले साधे हायड्रॉलिक घ्या, मी आडवा येणार नाही.

पावसाळा संपला की एकदा ओव्हरऑइलिंग, म्हणजे सगळं खोलून साफसफाई आणि ग्रीसिंग करून घ्या. छर्रे नवेच टाकायला सांगा, जुन्यांत नवे मिसळू देऊ नका. मागच्या चाकाच्या हबमध्ये दोन्ही बाजूंना नऊ-नऊ, पाव इंचाचे. पुढे दहा-दहा, 3/16 इंचाचे. क्रँक (पायडलची दांडी) हलते का तेही तपासा. ढिली क्रँक तशीच चालवली की तिचं चौकोनी भोक गोल होतं आणि मग आवळून काही उपयोग नसतो.

राहिलेल्या पैशांतून चेन ब्रेकर, 4-5-6 मिमीच्या ॲलन की, प्लास्टिकचे टायर लिव्हर आणि हातपंप घ्या. तरीही दीड-दोन हजार उरतील, ते बाजूला ठेवा.

आज पट्टी लावून बघा आणि पिन रेघेच्या किती पुढे गेली ते सांगा. फ्रीव्हीलचा, वरून सरळ दिसेल असा, फोटोही टाका. मग कोणतं फ्रीव्हील घ्यायचं ते नक्की सांगतो.