छंदासाठी मेटल डिटेक्टर घ्यायचाय : ऐंशीच्या दशकातला जुना घ्यावा की नवा?

तुम्ही लिहिलंय की जुना डिटेक्टर स्वस्तात मिळतोय, कोकणात गावाकडे आणि किनाऱ्यावर फिरवायचाय, पण मित्र म्हणतात, "ते भंगार आहे, नवा घे." हाच 'भंगार' शब्द मी माझ्या दिरांच्या तोंडून सहा वर्षं ऐकतेय, म्हणून उत्तर लिहायला बसले.

मी इंग्लंडमध्ये, नॉरफोकला राहते. माझं मशीन शेजारच्या आजोबांचं. गुडघे गेल्यावर त्यांनी ते मला देऊन टाकलं. पडदा नाही, आकडे नाहीत. एक गोल बटण जमिनीशी जुळवून घ्यायचं, दुसरं लोखंडाचे आवाज गाळून टाकायचं, आणि बाकी सगळं हेडफोनमधून कानाला. वजन दोन किलोंच्या वर आहे, तासाभरात दंड भरून येतो. भाऊजींकडे मिनलॅब कंपनीचं इक्विनॉक्स आहे, एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सीच्या लहरी सोडणारं. कॉइलखाली, म्हणजे दांड्याच्या टोकाला जी चकती जमिनीवरून फिरवतात तिच्याखाली, काय आहे त्याचा अंदाज पडद्यावर आकड्यात येतो.

दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात, गव्हाची कापणी झालेल्या एका शेतात आम्ही गेलो होतो. शेतकऱ्याची परवानगी होती. धसकटांमधून भाऊजी पुढे, मी त्यांच्या मागून चार हातांवरच्या पट्ट्यात. एका ठिकाणी ते थांबले. आकडा कधी 4, कधी 17, मध्येच उणे. "खिळा आहे," म्हणाले आणि पुढे गेले. मी तिथेच माझी कॉइल फिरवली. पहिला आवाज तुटका, लोखंडाचा असतो तसाच. मग मी काटकोनात वळून उभी राहिले आणि दुसऱ्या दिशेने फिरवलं. तुटक्या आवाजाच्या मागे एक बारीक, गोल आवाज आला. तो दुसऱ्यांदा आला, तिसऱ्यांदाही त्याच जागी आला. खुरप्याने वीतभर खणलं तर आधी गंजका खिळा निघाला. भाऊजी हसले. मी खड्ड्यावर परत कॉइल धरली, तर आवाज आता स्वच्छ. मातीच्या ढेकळात चांदीचा पाव तुकडा होता, करंगळीच्या नखाएवढा.

तेराव्या शतकात इथे सुटे पैसे म्हणून पेनी हे चांदीचं नाणंच कापत. नाण्याच्या मागचा क्रूस 1247 पासून कडेपर्यंत लांबवला होता, त्याच रेषांवर कापलं की अर्धी आणि पाव पेनी व्हायची. पुरातन वस्तूंची नोंद करणाऱ्या अधिकारी बाईंनी अक्षरं पाहून सांगितलं, इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्री राजाच्या नाण्याचा तुकडा. असं एकटं साधं नाणं इथल्या ट्रेझर म्हणजे गुप्तधनाच्या कायद्यात सहसा येत नाही, तरी मी नोंद केली. कुठे सापडलं ते लिहिलेलं नसेल तर त्या तुकड्याचा इतिहासाला काही उपयोग नाही.

त्या दिवसापासून भाऊजींचं एकच पालुपद आहे : "आकडा खराब होता, कुणीही सोडलंच असतं." मला हे अजिबात पटत नाही. त्यांच्या मशीनला तो तुकडा कळला होता. म्हणून तर आकडा नाचत होता. खिळ्याशेजारी चांदी असली की आकडा असाच नाचतो, कारण दोन्हींचे सिग्नल एकमेकांत मिसळतात. मशीन चुकलं नाही, त्यांनी कान दिला नाही. नव्या मशीनवर सुरुवात करणाऱ्यांचं मी हेच बघते : डोळे पडद्यावर आणि पाय पुढच्या पावलावर. माझ्या जुन्या मशीनने मला पर्यायच ठेवला नव्हता, म्हणून मी ऐकायला शिकले. 2009 साली स्टॅफर्डशायरमध्ये अँग्लो-सॅक्सन काळातल्या सोन्याचा प्रचंड साठा टेरी हर्बर्ट नावाच्या आपल्यासारख्याच छंदी माणसाला सापडला, तो अडीच पौंडांना घेतलेल्या जुन्या डिटेक्टरने. भाऊजींना मी हे अनेकदा सांगितलंय. ते म्हणतात, शेत बरोबर होतं. तेही खरंच आहे.

आता तुमच्यासाठी, कारण तुम्ही कोकण म्हणालात. माझं माहेर देवरूखचं. तिथल्या जांभ्याच्या मातीत लोखंड ठासून भरलंय. देशावरच्या काळ्या पाषाणातही लोहखनिज असतं. अशा जमिनीवर माझ्यासारखं जुनं, एकाच फ्रिक्वेन्सीचं मशीन नुसतं ओरडत राहील. ओल्या वाळूत तर विचारूच नका. खारं पाणी स्वतःच वीज वाहून नेतं, मशीनला तो धातूच वाटतो. इथल्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी मी ते नेलं आणि अर्ध्या तासात हेडफोन काढून ठेवले. शेजारी भाऊजींचं मशीन शांत होतं, त्यांनी दोन नाणी काढली. हे मी त्यांच्यासमोर कबूल केलेलं आहे. तेव्हा किनाऱ्यासाठी अनेक फ्रिक्वेन्सीचं नवंच घ्या.

तरीही जुनं घ्यायचं ठरलं, तर आधी सेलचा डबा उघडून बघा. हिरवा गंज असेल तर सोडून द्या. कॉइलजवळ वायर हलवताना आवाज तुटला तरी सोडून द्या. आणि लोखंड गाळायचं बटण फार वर नेऊ नका, बारीक सोन्याची अंगठीही त्यात गळते.

आणि एक : गडकिल्ल्यांवर किंवा कुठल्याही संरक्षित स्मारकाजवळ मशीन नेऊ नका, तिथे परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे. 1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं 10 रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. शेत दुसऱ्याचं असेल तर त्याची परवानगी आधी.

नवं घेतलंत तर पहिले दोन महिने पडद्यावर कागद चिकटवून फिरा. भाऊजींना मी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.