सारखा पडणारा मुलगा

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा आहे. आमच्या सोसायटीत खेळायला जागा म्हणजे पार्किंगच. गुडघे कायम सोललेले असतात, गेल्या आठवड्यात स्कूटरच्या सायलेन्सरला पोटरीही भाजली. सासूबाई जखमेवर हळद दाबतात, शेजारी म्हणतात दर वेळी टीटीचं, म्हणजे धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. त्याचं खेळणं बंद करावं का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : अजिबात नको. पडल्यावरची पहिली काही मिनिटं आणि खेळायची जागा, एवढं सांभाळा.

गुडघा खरचटला की आधी माती निघाली पाहिजे. नळाच्या धारेखाली साबणाने पाच मिनिटं धुवा. रुतलेली खडी ओल्या गॉजने पुसून काढा, नाहीतर कातडीत काळा डाग कायमचा राहतो. मुलगा ओरडेल, ओरडू द्या. हळदीने घाण आतच राहते आणि पू झाला तरी पिवळ्या लेपाखाली दिसत नाही. सासूबाईंना हळद दुधात घालायला सांगा! जखम उघडी ठेवून वाळवणंही नको. कडक खपली गुडघा वाकला की तडकते. व्हॅसलिनचा पातळ थर लावून वर पट्टी बांधा, ती रोज बदला. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड सलग दहा मिनिटं दाबून धरा. थांबलं का, हे मध्येच उचलून बघितलं की पुन्हा सुरू होतं.

चटक्यावर वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी. बर्फ, टूथपेस्ट नको. फोड फोडू नका. भाजलेला भाग मुलाच्या तळहाताहून मोठा असेल किंवा पांढरा पडून बधिर झाला असेल तर डॉक्टरांकडे न्या.

टीटीसाठी लसीकरणाचं कार्ड बघा. आधीचे डोस आणि पाच-सहा वर्षांचा डीपीटी बूस्टर (यात धनुर्वाताची लसही असते) झाला असेल तर आत्ता गरज नाही. पुढचा डोस, टीडी (धनुर्वात आणि घटसर्पाची लस), दहाव्या वर्षी.

डोक्याला मार लागला तर चोवीस तास लक्ष ठेवा. शुद्ध हरपणं, झटका, वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, हलवूनही नीट जाग न येणं, नाका-कानातून पाणी, यातलं काहीही दिसलं की थेट रुग्णालय. नडगीवरचे निळे डाग खेळत्या मुलांना असतातच. पोटावर, पाठीवर किंवा कानावर मार न लागता उठले तर मात्र दाखवा.

आता पार्किंग. बहुतेक दुचाकींचा सायलेन्सर उजवीकडे असतो, तेव्हा उजवी बाजू भिंतीकडे येईल अशा गाड्या लावायचं सोसायटीत ठरवून घ्या. पावसाळ्यात पेव्हिंग ब्लॉकवरचं शेवाळ ब्रशने घासून काढायला लावा. आणि ‘पुढच्या वर्षीही होतील’ म्हणून मोठे बूट घेऊ नका. अंगठ्यापुढे एक सेंटिमीटर जागा पुरते, त्याहून सैल बुटात पाय अडखळतो.