रोहू-कटला संकर गुणसूत्रं मोजून ओळखता येतो का?

नुसती मोजून नाही. रोहू, कटला, मृगळ, तिघांचीही गुणसूत्रं 50च; संकरात दोघांकडून 25-25 आली की बेरीज पुन्हा 50. आकारावरून थोडा अंदाज बांधता येतो, पण माशांची गुणसूत्रं इतकी बारीक असतात की त्यावर पैज लावू नये. हा संकर पुढे प्रजाही देतो, म्हणून हॅचरीतलं बीज नकळत भेसळीचं होतं. मोजणी कामाची ठरते ती आकडे वेगळे असतील तिथे: सायप्रिनस (कॉमन कार्प) माशाची सुमारे 100, त्यामुळे रोहू-सायप्रिनस संकरात 75च्या आसपास. फक्त मासा जिवंत हवा, कारण कोल्चिसिन हे रसायन टोचून मूत्रपिंडातल्या विभाजन पावणाऱ्या पेशी थांबवाव्या लागतात. बर्फातल्या माशासाठी, आणि तुमच्या रोहू-कटल्यासाठीही, डीएनए चाचणीच करा.