‘निधन’ कोणाचे आणि ‘मृत्यू’ कोणाचा?

देवगडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: ठळक घडामोडींत ‘ज्येष्ठ गायकाचे निधन’ आणि लगेच पुढे ‘नौका उलटून खलाशाचा मृत्यू’ असे येते. मोठ्या माणसाचे निधन आणि गरिबाचा मृत्यू, असा काही नियम आहे का?

व्याकरणात नाही. ‘निधन’ या शब्दात मुळात मानाचा अंशही नाही. संस्कृतात त्याचा अर्थ शेवट, नाश, मरण. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातले ‘स्वधर्मे निधनं श्रेयः’ अनेकांना पाठ असेल. तिथे निधन म्हणजे सरळ मरण. मान चढला तो मराठीत. आता ‘निधन’ वाचले की गेलेल्या माणसाला नाव होते, वय होते, त्याच्या पश्चात पत्नी, मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे, हे सगळे त्यात आलेच.

‘मृत्यू’ला मात्र कारण चटकन चिकटते. बुडून मृत्यू, सर्पदंशाने मृत्यू, विजेचा धक्का लागून मृत्यू. ‘वीज पडून निधन’ म्हणून पाहा, कानाला खटकते. आजारपणात दोन्ही शब्द चालतात. म्हणजे खलाशाच्या बातमीत ‘मृत्यू’ आला तो बुडण्यामुळे, असे म्हणून हा प्रश्न मिटवता आला असता. पण नामवंत व्यक्ती अपघातात गेली की तीच वृत्तपत्रे ‘अपघाती निधन’ छापतात. तेव्हा वाचकाची शंका रास्त आहे. नियम नाही, पण सवय आहे, आणि ती सवय माणूस पाहून शब्द निवडते.

माझ्या मते खरी मेख शब्दात नाही, ‘यांचे’मध्ये आहे. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी आपण ‘लता मंगेशकर यांचे निधन’ असे वाचले. खलाशाला नावही नाही आणि ‘यांचा’ही नाही, नुसते ‘खलाशाचा’. पहिल्या दिवशी ओळख पटलेली नसते, हे समजू शकते. पण दुसऱ्या दिवशी बंदरावर सगळ्यांना नाव ठाऊक असते. तेव्हा पूर्ण नाव देऊन ‘यांचा बुडून मृत्यू’ असे लिहावे. ‘मृत्यू’ हा शब्द तसाच राहू द्या, तो हलका नाही. आदरार्थी रूप मात्र कोणाचेही गाळू नये, मग तो नौका चालवणारा तांडेल असो की मंत्री.

बोलताना आपण हे दोन्ही शब्द क्वचितच वापरतो. घरात माणसे ‘गेली’ किंवा ‘वारली’. मालवणीत ‘तेचो बापूस वारलो’. छापील बातमीतही ‘वारले’ चालायला हरकत नाही.

‘दुःखद निधन’ कुटुंबाने दिलेल्या निवेदनात शोभते, कारण दुःख त्यांचे आहे. बातमीत ‘दुःखद’ गाळावे. ‘कै.’ म्हणजे कैलासवासी, म्हणून तो सरसकट सगळ्यांना लावू नये. ‘दिवंगत’ कोणत्याही धर्माच्या माणसाला चालतो.

देवगडच्या वाचकाने ‘पार्थिव’बद्दलही विचारले आहे. पार्थिव म्हणजे पृथ्वीचे, मातीचे. चतुर्थीला गुरुजी संकल्पात ‘पार्थिव’ म्हणतात ते मातीच्या गणपतीला. मूळ शब्द विशेषण आहे, म्हणून ‘पार्थिव देह’ हे पूर्ण रूप. ‘पार्थिव अंत्यदर्शनासाठी ठेवले’ यात ‘देह’ गळला आहे, पण हा वापर इतका रुळला आहे की त्याला चूक म्हणता येणार नाही.