उपदेशक की शिक्षक? आत्ताच ठरवू नकोस

तुझं पत्र मिळालं. संडे स्कूल घेतोस, मुलं रमतात, पण युथ मीटिंगमध्ये पहिल्यांदा संदेश दिलास तेव्हा कोणीतरी "छान क्लास घेतलास" म्हणालं आणि ते तुला लागलं. आता विचारतोयस की मी उपदेशक होऊ शकतो की नुसता शिक्षकच, आणि सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, गेलो तर वचन ओळीनं उलगडायला शिकू की विषय घेऊन बोलायला.

"नुसता शिक्षक" हे आधी डोक्यातून काढ बाबा. बायबलमधला नहेम्याचा ८वा अध्याय उघडून बघ, तिथे नियमशास्त्र वाचलं जातंय, लेवी म्हणजे मंदिराचे सेवक जमलेल्या लोकांना अर्थ समजावून सांगतायत आणि लोक रडायला लागतात, म्हणजे समजावणं आणि हृदयाला हात घालणं एकाच सकाळी, एकाच ठिकाणी झालं. सुरुवातीच्या चर्चमधला मोठा विचारवंत ऑगस्टिन बिशप व्हायच्या आधी वक्तृत्व शिकवायचा, त्याने रोमन वक्ता सिसेरोकडून घेऊन बोलणाऱ्याची तीन कामं सांगितली: शिकवणं, गोडी लावणं, मन वळवणं. त्यातलं शिकवणं टाळताच येत नाही, आणि ते तुला आत्ताच जमतंय. राहिलं काय, तर समोरच्याला कळल्यावर "आता तू काय करणार?" हे विचारायचं धाडस.

पद्धतीबद्दल माझं मत स्पष्ट आहे, आधी सलग शास्त्रभाग घ्यायला शीक. लूक १५ मधली उधळ्या पुत्राची गोष्ट घे, धाकटा मुलगा बापाची संपत्ती उडवून परत येतो ती. "पश्चात्ताप" हा विषय ठरवून बसलास तर धाकटा घरी आला, मेजवानी सुरू झाली, २४व्या वचनाला तुझा संदेश संपला. पण अध्याय पहिल्या वचनापासून वाचलास तर दिसतं की परूशी आणि शास्त्री, म्हणजे त्या वेळचे कडक धर्मपुढारी, कुरकुर करतायत, येशू पाप्यांबरोबर जेवतो म्हणून, आणि येशूने गोष्ट त्यांना सांगितलीय. मग थोरला भाऊ रागावून बाहेर उभा, बाप स्वतः बाहेर येऊन समजूत घालतोय, आणि तो आत गेला की नाही हे येशू सांगतच नाही! शिक्षक हे सगळं दाखवून देईल, उपदेशक त्याच्यापुढे जाऊन मंडळीतल्या नेमाने येणाऱ्या माणसाला विचारेल, तू आत जाणार का. सलग वाचलं की आपल्याला नको असलेली वचनंपण समोर येतात, म्हणून मला ही शिस्त आवडते. धर्मसुधारक झ्विंग्लीने १५१९ मध्ये झ्युरिकला मत्तयाच्या पहिल्या अध्यायापासून हेच सुरू केलं, आणि नावाजलेला उपदेशक बिशप क्रिसोस्टम तर त्याच्या कितीतरी शतकं आधी पुस्तकंच्या पुस्तकं सलग घ्यायचा.

विषय घेऊन बोलणं कमी दर्जाचं आहे असं अजिबात नाही हं. प्रेषितांची कृत्ये १७ मध्ये पौल थेस्सलनीकाच्या सभास्थानात शास्त्रलेखांवरून वाद घालतो आणि त्याच अध्यायात अथेन्सला गेल्यावर "अज्ञात देवाच्या" वेदीपासून सुरुवात करतो, त्यांच्याच कवींचे शब्द वापरतो. माणूस तोच, ऐकणारे वेगळे.

आता करिअरचं. एम.डिव्ह. (सेमिनरीतली पाळकपदाची पदवी) साधारण तीन वर्षांचं असतं, त्यात होमिलेटिक्सच्या, म्हणजे उपदेशकलेच्या, वर्गात सहसा वर्गमित्रांसमोर उपदेश करावा लागतो आणि तिथेच त्याची चिरफाड होते, घाबरू नकोस, तिथेच माणूस तयार होतो. सेमिनरीत प्राध्यापक व्हायचं मनात असेल तर बहुतेक ठिकाणी पुढे डॉक्टरेट लागते आणि ग्रीक-हिब्रूची तयारी जितक्या लवकर तितकी बरी. पाळकपदाच्या दीक्षेचे आणि उपदेश कोणी करायचा याचे नियम प्रत्येक चर्चचे वेगळे, उदाहरणार्थ कॅथलिक चर्चमध्ये मिस्सामधलं (मुख्य उपासनेतलं) प्रवचन प्रीस्ट किंवा डीकननेच (प्रीस्टच्या खालच्या दीक्षित सेवकाने) करायचं असतं, धर्मशिक्षण मात्र सामान्य विश्वासूही घेऊ शकतात. तू कुठल्या चर्चचा ते पत्रात नाहीये, ते कळव. फॉर्म भरायच्या आधी तुझ्या पाळकांशी मोकळेपणाने बोल, बऱ्याच सेमिनरी त्यांचं शिफारसपत्र मागतात आणि पाचारणाबद्दल, म्हणजे देवाने या सेवेला बोलावलंय असं तुला का वाटतं त्याबद्दल, तुला लिहायला लावतात. तोपर्यंत संडे स्कूल सोडू नकोस, आणि युथमध्ये पुन्हा संधी मिळाली तर लूक १५ पूर्ण घे.